कावळीण आई आणि सरकारी पाळणाघर: जर्मनीचे लोकमत कसे बदलले

आपल्या गोष्टीतली चिमणी ही आदर्श आई असते. पावसात भिजलेला कावळा दार ठोठावतो आणि ती आतून सांगत राहते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते. बाळाचे सगळे स्वतःच्या हातांनी करणारी आणि त्यासाठी दार लावून घेणारी ही आई मराठी मुले पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आली आहेत. जर्मन भाषेत या चित्राची दुसरी बाजू एकाच शब्दात आहे. तो शब्द म्हणजे ‘राबेनमुटर’, अर्थात डोमकावळीण आई. पिल्लांना घरट्यात टाकून उडून जाणारी, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षातले डोमकावळे पिल्लांची फार चांगली काळजी घेतात, पण शब्दाला त्याच्याशी देणेघेणे नसते. पश्चिम जर्मनीत कित्येक दशके तान्ह्या मुलाला पाळणाघरात ठेवून नोकरीवर जाणाऱ्या स्त्रीला हा शब्द ऐकावा लागत असे.

त्याच देशात १ ऑगस्ट २०१३ पासून, वयाचे एक वर्ष पूर्ण केलेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरातल्या जागेचा कायदेशीर हक्क आहे. पाळणाघर नको असेल तर ‘टागेसमुटर’, म्हणजे ‘दिवसाची आई’, हाही पर्याय आहे. स्वतःच्या घरी जास्तीत जास्त पाच मुले सांभाळणारी ही परवानाधारक व्यक्ती असते आणि तिच्याही खर्चाचा मोठा भाग सार्वजनिक तिजोरीतून येतो. ‘कावळीण’ म्हणणाऱ्या समाजाने मुलांच्या सांभाळासाठी कर भरायला कसे मान्य केले, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण लोकमत आधी तयार होते आणि धोरण त्याच्या मागून येते, ही आपली समजूत जर्मनीच्या अनुभवापुढे टिकत नाही.

आधी व्यवस्था थोडक्यात पाहू. जर्मनीतल्या पाळणाघराला आणि बालवाडीला मिळून सर्रास ‘कीटा’ म्हणतात. सरकारी अनुदान आहे याचा अर्थ प्रत्येक कीटा सरकार चालवते असा नाही. काही कीटा नगरपालिकेच्या असतात, बऱ्याचशा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चशी जोडलेल्या संस्थांच्या असतात आणि काही तर पालकांनी एकत्र येऊन काढलेल्या असतात. पालक जे शुल्क देतात त्यातून खर्चाचा लहानसा वाटा भागतो आणि उरलेला भार मुख्यतः नगरपालिका व राज्य उचलतात. शुल्क किती, हे राज्याराज्यांत आणि गावागावांत वेगळे असते. बर्लिनमध्ये ऑगस्ट २०१८ पासून ते पूर्ण माफ आहे, तर इतर अनेक ठिकाणी ते पालकांच्या उत्पन्नावर ठरते.

‘सरकारी खर्चाने पाळणाघरे असावीत का?’ असे विचारले की प्रश्न एक वाटतो, पण त्याच्या पोटात निदान तीन प्रश्न असतात. दीड वर्षाचे मूल आईपासून दिवसभर दूर राहणे त्याच्यासाठी चांगले आहे का, हा पहिला. ज्यांना मुले नाहीत किंवा ज्यांची मुले मोठी झाली आहेत, त्यांनी या सोयीसाठी कर का भरावा, हा दुसरा. आणि पैसा द्यायचाच असेल तर तो पाळणाघराला द्यावा की थेट आईवडिलांच्या हाती, हा तिसरा. पहिल्याला ‘नाही’ म्हणणारा माणूस दुसऱ्याला ‘हो’ म्हणू शकतो, कारण शेजारणीला नोकरीवाचून गत्यंतर नाही हे त्याला दिसत असते. म्हणून अशा विषयावरच्या जनमत चाचणीचा आकडा वाचताना नेमका कोणता प्रश्न विचारला होता हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जर्मनीच्या उदाहरणाचे मोल असे की तिथे एकच भाषा बोलणारा, एकच इतिहास असलेला समाज चाळीस वर्षे दोन देशांत विभागला गेला आणि त्या दोन देशांनी या प्रश्नाची अगदी उलट उत्तरे दिली.

पश्चिम जर्मनीत मुलाचे स्थान आईजवळ, हे केवळ मत नव्हते. सारी व्यवस्थाच तशी बांधलेली होती. तिथल्या नागरी कायद्यानुसार १९७७ पर्यंत पत्नीला नोकरीचा अधिकार होता तो विवाह आणि कुटुंबातल्या तिच्या कर्तव्यांशी जुळेल तेवढाच. शाळा दुपारपर्यंत सुटत, त्यामुळे जेवणाच्या वेळी कोणीतरी घरी असणे भागच होते, आणि ते कोणीतरी म्हणजे आई. बालवाड्याही बहुधा अर्ध्या दिवसाच्या असत. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी तर शंभरात दोन-तीन जागाही मुश्किलीने होत्या.

इथे कररचनेकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण लोकमताचा एक मोठा धागा तिथे गुंतलेला आहे. १९५८ पासून जर्मनीत पतिपत्नीचे उत्पन्न एकत्र करून त्याचे दोन समान भाग करतात, एका भागावर कर काढतात आणि तो दुप्पट करतात. दोघांची कमाई सारखी असेल तर या पद्धतीत काहीच वाचत नाही. एकानेच कमवायचे आणि दुसऱ्याने घरी राहायचे असे असेल, तर सर्वांत जास्त कर वाचतो. म्हणजे आई घरी राहावी यासाठी सरकारची तिजोरी गेली सहा दशके पैसे सोडत आली आहे. पण हा पैसा वेतनाच्या पावतीवर कमी झालेल्या कराच्या रूपात येतो, त्यामुळे त्याला कोणी ‘अनुदान’ म्हणत नाही. पाळणाघराची इमारत डोळ्यांना दिसते, तिचा खर्च अर्थसंकल्पात वेगळ्या ओळीत येतो, म्हणून वाद होतो तो तिच्यावर. माझ्या मते या विषयावरच्या चर्चेत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते याच गोष्टीकडे. लोक अनुदानाच्या बाजूने किंवा विरोधात बोलतात तेव्हा ते बहुतेक वेळा डोळ्यांना दिसणाऱ्या अनुदानाबद्दल बोलत असतात.

पूर्व जर्मनीत गोष्ट निराळी होती. १९६१ साली बर्लिनची भिंत उभी राहीपर्यंत लाखो लोक पश्चिमेकडे निघून गेले होते आणि कारखान्यांना माणसे हवी होती. स्त्रीची नोकरी हे तिथल्या साम्यवादी राजवटीचे तत्त्व होते आणि तितकीच गरजही होती. १९८९ मध्ये तिथे तीन वर्षांखालच्या दहांपैकी सुमारे आठ मुलांना पाळणाघरात जागा होती. सकाळी सहाला पाळणाघर उघडे, आई पाळीवर, संध्याकाळी मूल घरी, हा सर्वसाधारण दिवस होता. या चित्राला काळी बाजूही होती आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. काही पाळणाघरे आठवड्याची असत. सोमवारी सकाळी मूल सोडायचे आणि शुक्रवारी किंवा शनिवारी घरी न्यायचे. तिथे वाढलेली माणसे आज साठीच्या आसपास आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांनी त्या वियोगाचे ओझे जन्मभर वाहिल्याचे सांगितले आहे. शिवाय मुलांनी काय शिकायचे, हे राजवटीच्या अधिकृत कार्यक्रमाप्रमाणे ठरत असे.

३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही देश एक झाले आणि दोन समजुती एका छताखाली आल्या. पूर्वेत मुक्त जनमत चाचण्यांना आता कुठे वाव मिळाला होता. ‘आई नोकरी करत असेल तर लहान मुलाला त्याचा त्रास होतो’ या विधानाशी आपण सहमत आहात का, हा प्रश्न पश्चिम जर्मनीच्या सामाजिक सर्वेक्षणात १९८० च्या दशकापासून विचारला जात होता आणि तिथले बहुसंख्य लोक सहमती देत होते. तोच प्रश्न पूर्वेतल्या लोकांना विचारल्यावर सहमती देणारे बरेच कमी निघाले. राजवट कोसळली होती, कारखाने बंद पडत होते, पण पाळणाघराबद्दलचे मत तिच्याबरोबर गेले नाही. आपली आई कामावर जात होती आणि आपण धडधाकट वाढलो, हा अनुभव त्या लोकांच्या गाठीशी होता. पश्चिमेतल्या माणसाकडे मात्र या विषयावर मत होते आणि अनुभव नव्हता.

त्या काळातला एक वाद फार बोलका आहे. १९९९ मध्ये गुन्हेशास्त्रज्ञ क्रिस्टियान फायफर यांनी असा सिद्धांत मांडला की पूर्वेतल्या तरुणांमध्ये परकीयांविषयी जो द्वेष दिसतो, त्याचे मूळ तिथल्या पाळणाघरांच्या सामूहिक शिस्तीत आहे. त्यासाठी त्यांनी दाखवलेले दृश्य पूर्वेतल्या प्रत्येक माणसाच्या ओळखीचे होते: शी-शूची भांडी एका लांब बाकावर ओळीने मांडलेली, त्यांवर एका वेळी बसवलेली चिमुकली मुले, आणि शेवटच्या मुलाचे होईपर्यंत कोणी उठायचे नाही. पूर्वेत संतापाची लाट उसळली. लोकांना हा आपल्या आयांवरचा आणि त्या पाळणाघरांत राबलेल्या बायांवरचा आरोप वाटला. पाळणाघराविषयीचे मत हे आपल्या बालपणाविषयीचे आणि आपल्या आईविषयीचे मत असते, म्हणून त्यावर थंड डोक्याने बोलणे लोकांना इतके अवघड जाते.

कायद्यातले पहिले मोठे पाऊल वेगळ्याच वाटेने आले. एकत्रीकरणानंतर गर्भपाताचा कायदा एकसारखा करायचा होता. पूर्वेतला कायदा सैल होता, पश्चिमेतला कडक. स्त्रीने मूल जन्माला घालावे असे समाजाला वाटत असेल, तर ते वाढवण्याची सोयही समाजाने केली पाहिजे, हा युक्तिवाद त्या वेळी मान्य झाला, आणि १९९२ च्या कायद्याने तीन वर्षांपुढच्या मुलांना १९९६ पासून बालवाडीतल्या जागेचा हक्क दिला. तीन वर्षांखालच्या मुलांचा प्रश्न तसाच राहिला. २००६ मध्ये पश्चिमेत या वयाच्या शंभरांपैकी सुमारे आठ मुले अनुदानित सांभाळात होती, पूर्वेत एकोणचाळीस.

त्याच सुमारास कुटुंब खात्याच्या मंत्री होत्या उर्झुला फॉन डेर लायन. त्या पुराणमतवादी पक्षाच्या, शिक्षणाने डॉक्टर आणि सात मुलांच्या आई. २००७ मध्ये त्यांनी २०१३ पर्यंत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी साडेसात लाख जागा उभारण्याचे उद्दिष्ट मांडले. डाव्या पक्षाच्या मंत्र्याने हेच मांडले असते तर ते ‘पूर्व जर्मनीचे भूत’ म्हणून झटकून टाकता आले असते; सात मुलांच्या आईला ‘कावळीण’ म्हणणे कठीण होते. तरीही विरोध झालाच. आउग्सबुर्गचे बिशप वाल्टर मिक्सा म्हणाले की हे धोरण स्त्रीला मुले जन्माला घालणारे यंत्र बनवते. दुसरीकडे उद्योगसंघटना मंत्र्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या, कारण कुशल मनुष्यबळाची चणचण भासू लागली होती. जन्मदर अनेक वर्षे खाली होता. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत जर्मन मुलांची कामगिरी निराशाजनक ठरल्यापासून लहान वयातल्या शिक्षणाचीही चिंता लागली होती. पाळणाघराच्या बाजूचे लोकमत जर्मनीत स्त्रीमुक्तीच्या एकाच विचारातून उभे राहिलेले नाही. उद्योजकाला कामगार हवे होते, अर्थमंत्र्याला करदाते हवे होते, शिक्षणतज्ज्ञाला परदेशी मुळाच्या मुलांचे जर्मन सुधारायचे होते आणि आईला नोकरी टिकवायची होती. कारणे वेगळी, मागणी एक, असे जमून आले तेव्हा धोरण पुढे सरकले.

बव्हेरिया या दक्षिणेकडच्या राज्यातल्या सत्ताधारी पक्षाने मात्र पाठिंब्याची किंमत मागितली. जे पालक अनुदानित जागा घेणार नाहीत त्यांना रोख भत्ता द्या, अशी त्यांची अट होती. मुलाच्या पंधराव्या महिन्यापासून छत्तिसाव्या महिन्यापर्यंत, सुरुवातीला दरमहा १०० युरो आणि ऑगस्ट २०१४ पासून १५० युरो, असा हा ‘सांभाळ भत्ता’ १ ऑगस्ट २०१३ रोजी, म्हणजे जागेचा हक्क लागू झाला त्याच दिवशी, सुरू झाला. त्याच्या कल्पनेवर टीका होऊ लागली तेव्हाच विरोधकांनी त्याला ‘हेर्डप्रेमिए’ म्हणजे ‘चुलीचे बक्षीस’ असे नाव दिले होते, आणि भाषातज्ज्ञांच्या एका मंडळाने २००७ सालचा सर्वांत अनुचित शब्द म्हणून त्याची निवड केली, कारण घरी राहून मूल वाढवणाऱ्या पालकांचा त्यात अपमान होता. ही निवड मला रास्त वाटते. ‘कावळीण’ जितका दुखावणारा शब्द आहे तितकाच ‘चूल’ही आहे, आणि आईने काहीही ठरवले तरी तिच्यासाठी एक बोचरा शब्द तयार असावा हे कोणत्याच समाजाला शोभत नाही.

भत्त्याचा प्रश्न मात्र खरा होता. पाळणाघरातल्या जागेवर सरकार दरमहा मोठी रक्कम खर्च करते, मग जी आई किंवा जो बाप ते काम घरी करतो त्याला काहीच का नाही, असे विचारणाऱ्याला गप्प करता येत नाही. त्याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे होते की रोख पैशांची ओढ सर्वांत जास्त असते ती गरीब आणि स्थलांतरित घरांना, आणि पाळणाघराचा उपयोगही सर्वांत जास्त होतो तो त्याच घरांतल्या मुलांना. म्हणजे भत्ता नेमक्या त्या मुलांना घरी अडवून ठेवील. १९९० च्या दशकातल्या बालवाडी-विस्ताराचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना पुढे असेच आढळले की स्थलांतरित आणि वंचित घरांतली मुले कमी संख्येने दाखल होत होती, पण दाखल झाल्यावर त्यांची प्रगती इतरांपेक्षा अधिक होत होती. २०१२ च्या जनमत चाचण्यांत बहुसंख्य लोक भत्त्याच्या विरोधात होते. तरीही तो सुरू झाल्यावर दोन वर्षांच्या आत साडेचार लाखांच्या आसपास कुटुंबे तो घेऊ लागली. २१ जुलै २०१५ रोजी घटनात्मक न्यायालयाने तो रद्द ठरवला. कारण एवढेच की असा कायदा करण्याचा अधिकार केंद्राचा नाही, राज्यांचा आहे. बव्हेरियाने मग स्वतःच्या तिजोरीतून तो चालू ठेवला.

आता मत प्रत्यक्ष कसे बदलते, ते जवळून पाहू. बहुतेक कीटांमध्ये मुलाला रुळवण्याची एक ठरलेली पद्धत असते. पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलाबरोबर तासभर वर्गातच बसतात. खुर्च्या तीन वर्षांच्या मुलाच्या मापाच्या, त्यामुळे बापाचे गुडघे छातीला टेकलेले. त्याने स्वतःहून खेळ सुरू करायचा नाही, मूल जवळ आले तर घ्यायचे, लांब गेले तर जाऊ द्यायचे. चौथ्या दिवशी तो निरोप घेऊन बाहेर पडतो, फार तर अर्ध्या तासासाठी, आणि बाहेरच्या बाकावर बसून आतला आवाज ऐकत राहतो. मूल रडते; आतली ताई त्याला उचलून घेते; ते तिच्याकडून शांत झाले तर पुढचे पाऊल, नाही तर आणखी काही दिवस थांबायचे. दोन-तीन आठवड्यांनी तेच मूल सकाळी दारातूनच हात सोडवून आत पळते. हा अर्धा तास बाहेर बसून काढलेला बाप घरी जाऊन आपल्या आईशी, नुकत्याच बाळंत झालेल्या बहिणीशी, कामावरच्या मित्राशी बोलतो. असे लाखो बाप आणि लाखो आया बोलल्या की ‘सगळेच असे करतात’ हे वाक्य समाजात रुजते, आणि ‘कावळीण’ हा शब्द उच्चारायला लोक बिचकू लागतात.

समाजशास्त्रज्ञ गुंडुला त्सोख आणि पिया शोबर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून याला दुजोरा मिळतो. पश्चिम जर्मनीत पाळणाघरांच्या जागा जसजशा वाढल्या, तसतसा लहान मुलांच्या आयांच्या मतांतला पारंपरिकपणा काहीसा कमी झाला. वडिलांच्या मतांवर तसा परिणाम दिसला नाही. बदल मध्यम स्वरूपाचा होता, हे लक्षात ठेवावे. मते एका रात्रीत उलटत नाहीत आणि पूर्व-पश्चिमेतले अंतर अजून पुरते मिटलेले नाही. आज पश्चिमेत तीन वर्षांखालच्या साधारण दर तीन मुलांतले एक अनुदानित सांभाळात जाते, पूर्वेत निम्म्याहून अधिक.

आता भांडण दुसरेच आहे. जर्मन पालक आज विचारतो तो प्रश्न पाळणाघर असावे का, हा नाही. कायद्याने दिलेली जागा कुठे आहे, हा आहे. बेर्टेल्समान प्रतिष्ठानने २०२२ मध्ये केलेल्या हिशेबानुसार २०२३ मध्ये देशभर सुमारे ३ लाख ८४ हजार जागा कमी पडणार होत्या. इमारती बांधता येतात, पण प्रशिक्षित माणसे लगेच घडवता येत नाहीत. आणि ज्या ताईंच्या कडेवर हा सगळा हक्क उभा आहे त्यांचे वेतन व कामाचा ताण हा वेगळाच जळता प्रश्न आहे. २०१५ च्या मे महिन्यात त्यांनी चांगल्या वेतनश्रेणीसाठी सुमारे चार आठवडे संप केला, तेव्हा मुले घरी अडकली आणि पालकांची त्रेधा उडाली. कर्मचारी आजारी म्हणून वर्ग लवकर बंद, असा निरोप सकाळी फोनवर येणे हे अनेक शहरांत आता सवयीचे झाले आहे.

म्युनिक, स्टुटगार्ट, बर्लिनमध्ये नोकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबेही या रांगेत आहेत. बाळंतपणाला आई किंवा सासूबाई येतात, पण पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसांहून जास्त राहता येत नाही. त्या परतल्या की घरात तिसरा हात नसतो, आणि पुण्यात किंवा नागपुरात ज्या प्रश्नाचे उत्तर ‘आजी आहे ना’ असे सहज मिळाले असते त्याचे उत्तर तिथे नगरपालिकेच्या संकेतस्थळावरच्या अर्जात शोधावे लागते. अंगणवाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सरकारने लहान मुलांसाठी जागा चालवणे नवे नसते. दिवसभराचा सांभाळ आणि तोही एका वर्षाच्या बाळाचा, हे मात्र मनाला पटवून घ्यावे लागते.

हक्क कागदावर असून जागा मिळत नसेल तर काय, हा प्रश्न शेवटी न्यायालयात गेला. लाइपझिगच्या तीन आया, म्हणजे पूर्वेतल्याच, मुलाच्या पहिल्या वाढदिवसानंतर कामावर परतणार होत्या. अर्ज वेळेत केले होते, पण जागा मिळाली नाही आणि त्यांचे वेतन बुडाले. २० ऑक्टोबर २०१६ रोजी सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निर्णय दिला की नगरपालिकेने आपले कर्तव्य चुकवले असेल तर बुडालेल्या वेतनाची भरपाई आई मागू शकते, कारण हा कायदा मुलाच्या भल्याबरोबरच आईवडिलांना कामावर जाता यावे यासाठीही केलेला आहे.